शंभर थेंब

"पिशवी बाहेरच ठेव, दादा. उंबऱ्याच्या आत आणू नको," आत्या म्हणाल्या.

गोविंदमामा एक पाय उचलून तसेच उभे राहिले. माझ्या सासूचे ते थोरले भाऊ. कुंडाच्या वाडीहून चार कोस ऊन तुडवत आले होते, आणि बहीण त्यांना दारातच अडवत होती.

"थोरल्या भावाला असं उभं करत्यात व्हय?"

"तुला नाय, पिशवीला म्हणते. काय हाय तिच्यात?"

"कोंबडी. कापून, साफ करून आणलीय. म्हटलं, सूनबाई आल्यापासून काय आणलं नाय मी."

"का कापली?"

मामा डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे बघू लागले.

"मान वाकडी करत होती का?"

"जरा करत होती," मामा म्हणाले. "आमच्या वाडीत सगळीकडंच चाललंय. हिरवं हगत्यात आन् पडत्यात. फुकट घालवण्यापरीस..."

आत्यांनी पुढचं ऐकलं नाही. कोपऱ्यातला टिकाव उचलला, पिशवी काठीच्या टोकाला अडकवली आणि घरामागे लांब, बांधापलीकडे गेल्या. मी चुलीतली राख घेऊन त्यांच्या मागे गेले. कमरेएवढा खड्डा खणून त्यांनी पिशवीसकट कोंबडी पुरली, वर राख पसरली, माती दाबली, मातीवर दगड ठेवले. परत आल्यावर मामांच्या पायावर त्यांनी गरम पाणी ओतलं आणि पायताणं चुलीच्या राखेनं घासायला लावली. मग भावाला पडवीत बसवून भाकरी वाढली. मामा मुकाट्यानं जेवले आणि ऊन उतरल्यावर निघून गेले.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि लग्न होऊन अकरा महिने झाले होते. डोंगराच्या पायथ्याशी आमची सादडवाडी, बावीस घरांची. माझा नवरा लहानू भात काढून झाला की घाटाखाली वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्यामुळे घरात मी, आत्या, आणि आत्यांच्या सव्वीस कोंबड्या.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांचं नाव ठकूबाई. बाई उंचीनं लहान, आवाजानं मोठी. घर सारवायच्या आधी त्या खुराडं सारवत. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच ते मातीचं खुराडं होतं, वर बाभळीचे काटे, तोंडाला दगडी फळी. एकदा भरदुपारी अंगणात मुंगूस शिरलं तेव्हा त्यांनी चुलीवरची भाकरी तशीच टाकून मुसळ घेतलं होतं, आणि मुंगूस पुन्हा कधी दिसलं नाही. संध्याकाळी कोंबड्या आत घेताना त्या एकेकीच्या पाठीवर हात ठेवत. एखादी हलकी लागली तर तिला तांदळाची कणी वेगळी मिळायची.

मामा गेले त्या संध्याकाळी त्या फळी लावून तिथंच बसून राहिल्या.

"चार वर्षांमागं एकोणीस होत्या," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत एक राहिली. मानमोडी आली की अशी येते."

"आत्या, त्याच्यावर औषध असतं," मी म्हणाले. "माझ्या माहेरी दर उन्हाळ्यात दवाखान्याचा माणूस यायचा. कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब घालायचा. मानमोडी येत नाही मग."

"आजारी कोंबडीच्या?"

"नाही, धडधाकट. आजारी पडायच्या आधी घालायचा."

"धडधाकट जिवाला औषध कशाला?" त्या उठल्या. "हे बघ मथुरा. घर लहानूचं हाय, खाचरं लहानूची हायत, उद्या तुझी होतील. कोंबड्या तेवढ्या माझ्या हायत."

"म्हणून तर विचारते. नाहीतर न विचारता दवाखान्यात गेले असते."

त्या घरात निघून गेल्या. मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर चुलीशी भाकरी बांधून ठेवलेली होती. आत्या अंगण झाडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "फाट्यावर पहिली गाडी सातला येते. जायचं तर उशीर करू नको."

लग्नात माझ्या मामानं आहेरात दिलेली थर्मासची बाटली फळीवर शोभेला ठेवलेली होती. ती पदरात गुंडाळून मी निघाले.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं तरुण होते. बैलाला टोचून घ्यायला आलेली माणसं रांगेत होती. माझा नंबर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती कोंबड्या?"

"सव्वीस."

"एका बाटलीत शंभर थेंब असतात. औषध पाण्यात मिसळलं की दोन तासांत संपवायचं, मग ते निकामी. सव्वीस घालून बाकीचं फेकशील का?"

"नाही. वाडीत घालीन."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हातातलं काम सोडून आतून दोन लहान बाटल्या आणल्या, एकीत औषधाची भुकटी, दुसरीत पाणी. कसं मिसळायचं, डोळ्यात थेंब टाकल्यावर कोंबडीनं पापणी मिटेपर्यंत कसं धरून ठेवायचं, हे त्यांनी स्वतःची मूठ कोंबडीसारखी धरून दाखवलं.

"आता तीन गोष्टी लक्षात ठेव," ते म्हणाले. "थेंब लागू पडायला आठ दिवस तरी लागतात. ज्या घरात कोंबडी मेली असेल तिथं पाऊल टाकू नकोस, पायाबरोबर रोग तुझ्या घरी येईल. आणि तिसरी गोष्ट अवघड आहे. एखाद्या कोंबडीत रोग आधीच शिरलेला असतो, पण दिसत नाही. ती थेंब घालूनही मरणार. लोक म्हणतील, थेंबानं मेली. तेव्हा काय करशील?"

"काय करायचं?"

"माहेरी जाऊ नकोस," ते म्हणाले आणि पुढच्या बैलाकडे वळले.

आईसफ्रूटवाल्याकडून बर्फ घेऊन मी थर्मास गळ्यापर्यंत भरला. बाटल्या मधोमध बसवल्या. दुपारच्या गाडीत बसले, तर घाटाच्या निम्म्यात गाडीतून वाफ यायला लागली आणि गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास तरी धरा. चैत्राचं ऊन. लोक करवंदीच्या सावलीला जाऊन बसले. मी थोडा वेळ बसले. मांडीवरच्या थर्मासकडे बघितलं, आणि उठून चालायला लागले. वाटेत जिथं पाणी दिसेल तिथं टॉवेल भिजवून बाटलीला गुंडाळायचा, टॉवेल वाळला की पुढचं पाणी शोधायचं. पायात चप्पल होती तिचा अंगठा तुटला, मग तीही हातात. दिवस मावळायला वाडीत पोचले.

आत्यांनी थर्मास माझ्या हातातून घेतला, कानाशी धरून हलवला. आत बर्फ वाजला. रांजणाखालच्या ओल्या वाळूत त्यांनी तो गळ्यापर्यंत पुरला आणि मला म्हणाल्या, "पाय धू. मग सांग, सकाळी काय काय लागंल."

अजून उजेड होता. मी तशीच वाडीत फिरले. प्रत्येक दारात तेच सांगितलं: उद्या सकाळी कोंबड्या सोडू नका, मी येते, थेंब घालायचा आहे, एक पैसा लागणार नाही. काही बायका हो म्हणाल्या. काही हसल्या. वाडीत कुठलीही गोष्ट ठरायची ती निवृत्ती भांगऱ्यांच्या ओट्यावर. ते सुतळी वळत बसले होते.

"कोंबडीच्या डोळ्यात पाणी घालून मानमोडी थांबती का? वरीस झालं नाय तुला येऊन, आन् आम्हाला शिकवती."

"तुमच्या कोंबड्या कोंडून ठेवाल का, एवढंच सांगा."

"नाय ठेवणार," ते म्हणाले.

त्यांचं बघून आजूबाजूच्या घरांनीही नकारार्थी माना हलवल्या. सात घरं कबूल झाली. एका घरी मात्र मी गेलेच नाही. ओढ्यापलीकडे, वाडीपासून जरा सुटं, हौसाबाईचं घर होतं. तिच्या कोंबड्या आमच्यापेक्षा जास्त, चाळीसच्या आसपास. पण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आत्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "त्या घराची पायरी चढायची नाय."

हौसाबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची दुसरी बायको. लहानू दीड वर्षाचा असताना सासरे हे घर सोडून ओढ्यापलीकडे राहायला गेले आणि बारा वर्षांनी तिथंच वारले. त्या बारा वर्षांत आत्यांनी कोंबड्यांवर घर चालवलं, अंडी आणि नर बाजाराला नेऊन लहानूला वाढवलं. हौसाबाईला मूलबाळ झालं नाही. दोन्ही घरं एकमेकांना दिसायची. एकोणीस वर्षं त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सकाळी तांबडं फुटायच्या आत आम्ही कामाला लागलो. थर्मासमध्ये बोराएवढा बर्फ उरला होता. मी भुकटीत पाणी मिसळलं, बाटली हलवली, डोळ्याचं औषध घालायची नळी तिला बसवली. आत्या खुराड्याच्या तोंडाशी बसून एकेक कोंबडी बाहेर काढत. माझ्या हातात कोंबडी फडफडायची, त्यांच्या हातात ती झोपल्यासारखी पडून राहायची. डावा हात छातीखाली, उजव्या बोटांत चोच. मी थेंब टाकायचा, कोंबडीनं पापणी मिटायची, आत्यांनी तिला अंगणात सोडायची.

"एवढंच?" तिसऱ्या कोंबडीला त्या म्हणाल्या.

"एवढंच."

सव्वीस झाल्या. आत्या उठून पदर झटकत म्हणाल्या, "चल. तुला धरता येत नाय. मी धरते."

त्या वाडीत येतील असं मला वाटलं नव्हतं. सात घरांपैकी दोघींनी रात्रीतून विचार बदलला होता, कोंबड्या अंगणात हिंडत होत्या. उरलेल्या पाच घरी आम्ही चौतीस थेंब घातले. प्रत्येक घरी शिरायच्या आधी मी विचारायचे, कोणती मेली का, कोणती मलूल आहे का. शेवटच्या घरातून निघालो तेव्हा ऊन डोंगराच्या सोंडेवर आलं होतं. अर्धा तास राहिला असेल. मी बाटली उजेडात धरली.

"चाळीस तरी आहेत," मी म्हणाले.

आत्या घराकडे वळल्या होत्या. मी ओढ्याकडे बघत उभी राहिले. त्यांना न सांगता कळलं.

"नाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, हे अर्ध्या तासानं फेकूनच द्यायचंय."

"फेकून दे."

"एवढं चालत आणलंय मी."

"मथुरा, मी एकदा सांगितलंय."

मला भीती वाटत होती, हे खोटं सांगणार नाही. मी त्या घरात अकरा महिन्यांची होते, नवरा जवळ नव्हता, आणि त्यांच्याशिवाय माझं तिथं कोणी नव्हतं. पण हातातली बाटली गार होती आणि ती गरम व्हायला लागली होती. मी ओढ्यात उतरले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परतले असते.

हौसाबाईच्या कोंबड्या अजून आतच होत्या. ती दारात उभी होती, आवाजाच्या दिशेनं मान करून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, माणसाची नुसती सावली दिसायची तिला.

"कोण हाय?"

तिला काय हाक मारायची तेच मला माहीत नव्हतं. "मी लहानूची बायको," मी म्हणाले.

तिचा हात चौकटीवर घट्ट झाला. "लहानू बरा हाय ना?"

"बरा आहे. मी कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब घालायला आलेय. मानमोडी येऊ नये म्हणून. तुमची कोणती मेली का?"

"नाय," ती म्हणाली.

"मलूल कोणती?"

"नाय, नाय. ये तू. तू ये."

खुराडं अंधारं होतं. हौसाबाई चाचपडत हात घालायची, पंख हाताला लागायचा, कोंबडी निसटायची. पहिल्या दोन कोंबड्यांनाच बराच वेळ गेला. तिसरी तिच्या हातातून सुटून छपरावर जाऊन बसली. एका हातात बाटली धरून मला दुसऱ्या हातानं कोंबडी धरता येईना.

अंगणाच्या कुडाचा झापा, काटक्यांचं फाटक, वाजला.

आत्या आल्या होत्या. येताना त्या कुडाशी थोडा वेळ थांबल्या होत्या, खाली जमिनीकडे बघत. मग आत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरक."

ते मला म्हणाल्या की हौसाबाईला, कळलं नाही. आम्ही दोघीही सरकलो. आत्या खुराड्याच्या तोंडाशी बसल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

त्यानंतर ओळीनं कोंबड्या येत गेल्या. हौसाबाई आत्यांच्या शेजारी उकिडवी बसून थेंब घातलेली कोंबडी हातात घ्यायची आणि मागे सोडायची. दहा-बारा कोंबड्या झाल्या. मग आत्यांचा हात आत थांबला.

"ही खुडूक हाय का?"

हौसाबाईनं ओठ ओले केले. "हाय. अकरा अंडी हायत खाली."

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"मग उठवायला नको. मथुरा, तू हात आत घाल. बसल्या जागी घाल हिला."

मी खुराड्यात वाकून थेंब घातला.

"पिवळी कुठून आणली?" पुढची कोंबडी काढत आत्यांनी विचारलं.

"बाजारातून. अंडी बारीक घालती."

"पण रोज घालती."

"रोज घालती," हौसाबाई म्हणाली.

एकोणचाळीस कोंबड्या झाल्या. छपरावरची आत्यांनी कणी टाकून खाली आणली, ती धरून. बाटलीत तळाशी ओल राहिली होती. आत्या उठल्या आणि हौसाबाईकडे न बघता झाप्याबाहेर पडल्या. मी त्यांच्या मागे.

ओढ्यात आल्यावर त्या थांबल्या. "इथंच अंघोळ कर. लुगडं धू. पाय वाळूनं घास, नखांतनं सुद्धा."

"आत्ता? इथं?"

"इथं. घरात पाऊल टाकायच्या आधी."

त्याही तशाच पाण्यात बसल्या आणि वाळूनं टाचा घासू लागल्या. मी मनातून संतापले. सवतीच्या अंगणाला पाय लागला तर एवढा विटाळ? तिच्या कोंबड्या स्वतः धरल्या आणि आता अंग धुवून घेतायत, जसं काही सुतक लागलंय. मी ओल्या कपड्यानं घरी आले आणि दिवसभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी हौसाबाईच्या चार कोंबड्या मेल्या. चौथ्या दिवशी आणखी पाच. पाचव्या दिवशी दोन. मेलेल्या कोंबड्यांची बातमी ओढा ओलांडून वाडीत यायला वेळ लागला नाही. त्याच दिवशी आमच्या खुराड्यातही दोन कोंबड्या पंख पाडून बसल्या.

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली. पुढे निवृत्ती भांगरे.

"ठकूबाई, तुझ्या सुनेला बाहेर बोलाव."

मी चुलीपुढून उठले. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. माझं माहेर फाट्यापासून एका गाडीवर होतं. मी बाहेर आले आणि आत्यांच्या शेजारी उभी राहिले.

"अकरा कोंबड्या गेल्या त्या आंधळ्या बाईच्या," निवृत्ती म्हणाले. "वाडीत आमच्या कोणाची एक मेली नाय. ज्यांनी थेंब घातला त्यांच्याच का मरत्यात?"

"थेंब घातलेल्या बाकी पाच घरांत एक तरी मेली का?" मी विचारलं.

"अजून नाय मेली. मरतील." मागून कोणीतरी म्हणालं.

"रोग आधीच अंगात असला तर थेंबाचा उपयोग होत नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं मला."

"आन् तू आम्हाला आधी सांगितलं होतं का?"

सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एकानंही कोंबड्या कोंडल्या नसत्या. माझी मान खाली गेली ती बघून निवृत्तींचा आवाज चढला. "भरून कोण देणार त्या बाईला? हिचा बाप?"

"ती माझी सून हाय," आत्या म्हणाल्या. "तिला काय विचारायचं ते मला विचारा."

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. काठी टेकत, एकेक पाऊल चाचपत हौसाबाई अंगणात येत होती. ओढा एकटीनं ओलांडला होता तिनं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. एकोणीस वर्षांत ती त्या अंगणात पहिल्यांदा आली होती. ती अंगणाच्या मधोमध थांबली.

"बरं झालं आलीस," निवृत्ती म्हणाले. "तूच सांग आता. किती मेल्या?"

"तेरा," हौसाबाई म्हणाली.

"अकरा ऐकल्या होत्या आम्ही."

"अकरा थेंब घातल्यावर मेल्या. दोन त्याच्या आदल्या दिवशी मेल्या होत्या." तिचा आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू येत होता. "पोरीनं विचारलं होतं मला. कोणती मेली का म्हणून. मी नाय म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ती दारातनं परत गेली असती."

ती तशीच पुढे बोलत राहिली.

"हिचा दोष नाय. रोग माझ्या घरात होता आन् मी ह्या दोघींना त्याच्यात बोलावलं. ह्यांच्या कोंबड्या मेल्या तर माझ्यामुळं मेल्या." तिनं काठी दोन्ही हातांत धरली आणि आत्या जिथं उभ्या होत्या त्याच्या जरा डावीकडे तोंड करून म्हणाली, "काय बोलायचं ते मला बोल आता."

मी आत्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा जसा होता तसाच होता.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?" हौसाबाईनं विचारलं.

"तुझ्या कुडाच्या कडंला ताजी माती होती. दोन जागी. वर पिसं चिकटलेली. तुला दिसली नसतील."

मला ओढ्यातली वाळू आठवली. नखांतनं सुद्धा घास, असं म्हणाल्या होत्या त्या.

हौसाबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "दिसलं होतं, तर मग आत कशाला आली?"

"बाकीच्या जित्या होत्या ना," आत्या म्हणाल्या.

मग त्या निवृत्तींकडे वळल्या. "झालं तुझं? आता घरी जा. पायताणं आधणाच्या पाण्यानं धू, राखेनं घास, मग अंगणात पाय ठेव. तू रोगाच्या घरातनं चाललाय."

माणसं पांगली. जाताना बरेच जण आपल्या पायांकडे बघत होते. आत्यांनी चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. हौसाबाई अजून अंगणातच उभी होती. आत्यांनी मला खूण केली, आणि मी तिच्या पायावर गरम पाणी घातलं. तिचे पाय धुताना मी पहिल्यांदा तिला "धाकट्या आत्या" म्हणाले. मग मी तिला हाताला धरून ओढ्यापलीकडे सोडून आले, आणि परतताना कोणी न सांगता ओढ्यात वाळूनं पाय घासून अंघोळ केली.

पुढच्या पंधरा दिवसांत मानमोडी सगळ्या वाडीवरून गेली. ज्या घरांनी थेंब घातला नाही तिथल्या कोंबड्या दोन-चार दिवसांत संपल्या. सकाळी आरवायला कोंबडा उरला नव्हता त्या भागात. निवृत्तींच्या घरी एक पिल्लूसुद्धा राहिलं नाही. आमच्या पाच गेल्या. त्यांतली एक आत्यांची सगळ्यात जुनी, चार वर्षांपूर्वीच्या रोगातून एकटी वाचलेली. तिला पुरून आल्यावर त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही, पण मला एका शब्दानं काही म्हणाल्या नाहीत. एकवीस राहिल्या. इतर पाच घरांत मिळून तीन गेल्या. हौसाबाईच्या अठ्ठावीस उभ्या राहिल्या, आणि खुडूक कोंबडीनं नऊ पिल्लं काढली.

पावसाच्या आधी निवृत्तींची आई टोपली घेऊन आमच्या दारात आली. उबवायला अंडी हवी होती. आत्यांनी तेरा अंडी मोजून दिली आणि विचारलं, "सुनेला सांगून ठेव. मथुरा तीन महिन्यांनी पुन्हा जाणार हाय तालुक्याला. कोंबड्या कोंडशील का?"

"कोंडते," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून मी हे काम करते. सादडवाडीचं झालं, मग कुंडाच्या वाडीचं, मग आजूबाजूच्या अकरा वाड्यांचं. थर्मास तीन बदलले. आता लोक मला कोंबड्यांची बाई म्हणतात. नव्या पोरी शिकायला येतात तेव्हा मी त्यांना आधी धरायला शिकवते, थेंब मागाहून. आणि थेंब घालूनही काही मरतील, हे मी आता प्रत्येक दारात आधीच सांगते.

आत्या आणि हौसाबाई यांचं काही जुळलं असं मात्र म्हणता येणार नाही. एकमेकींच्या घरी त्या जेवल्या नाहीत. सासऱ्यांचं नाव दोघींच्या तोंडून मी एकत्र कधी ऐकलं नाही. हौसाबाईचे डोळे पुढच्या वर्षी पार गेले. आम्ही लहानूबरोबर तिला ऑपरेशनला नेऊ म्हणालो, पण ती काही तयार झाली नाही.

पण त्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट सुरू झाली आणि आत्या जाईपर्यंत, म्हणजे पुढची चौदा वर्षं, ती चुकली नाही. दिवस कलला की आमच्या कोंबड्या आत घेऊन आत्या ओढ्याच्या काठावर जाऊन उभ्या राहायच्या. पलीकडे हौसाबाई खुराड्याचं दार धरून बसलेली असायची. कोंबड्या एकेक करून आत शिरायच्या, आणि आत्या ह्या काठावरून बघत राहायच्या. मग ओढ्यावरून आवाज जायचा.

"तीस."

"एकतीस पायजेत," पलीकडून यायचं.

"थांब. पिवळी राहिलीय. गवतात हाय, तुझ्या डाव्या अंगाला. आली. आता लाव दार."

पलीकडे फळी लागायची. मग आत्या घरी यायच्या.